निराधार टेरियर कुत्रे व त्यांची नवी घरे

शहरात हौसेने पाळलेला परकीय जातीचा कुत्रा पुढे झेपेनासा झाला म्हणजे, "तो एखाद्या शेतावर द्यावा, तेथे त्यास मोकळी जागा मिळेल," असा विचार मालकाच्या मनात बहुधा प्रथम येतो. मोठ्या शहरांच्या आसपासच्या गावांतील शेतकऱ्यांना असे कुत्रे देऊ केले जातात. काही वेळा तर कोणास न विचारताच ते रस्त्याच्या कडेला सोडून दिलेले आढळतात. या कुत्र्यांत टेरियर गटातील लहान, चपळ व धीट कुत्रेही असतात. असा कुत्रा शेतावर घ्यावा किंवा नाही, घ्यावयाचा झाल्यास कोणती चौकशी करावी व पहिले काही आठवडे त्यास कसे सांभाळावे, याची माहिती ग्रामसेवकांस व शेतकऱ्यांस असणे इष्ट आहे. टेरियर कुत्र्यांची जन्मभूमी ब्रिटन ही होय. निराधार कुत्र्यांना नवी घरे मिळवून देण्याचे कामही त्या देशात दीडशेहून अधिक वर्षे पद्धतशीरपणे चालू आहे. म्हणून प्रथम तेथील पद्धती पाहून नंतर आपल्याकडील शेतांचा विचार करणे सोयीचे होईल.

टेरियर म्हणजे कोणता कुत्रा?

लॅटिन भाषेत जमिनीस 'टेरा' म्हणतात. त्या शब्दावरून टेरियर हे नाव पडले. जमिनीत शिरून शिकार करणारा कुत्रा, असा त्याचा अर्थ. इंग्रज वैद्य जॉन कायस याने १५७० साली ब्रिटनमधील कुत्र्यांविषयी लॅटिनमध्ये लिहिलेल्या ग्रंथात या कुत्र्यांचा उल्लेख केलेला आहे. खोकड, बॅजर यांसारख्या बिळात राहणाऱ्या प्राण्यांच्या मागे बिळात शिरणे, तेथे त्यांस भुंकून अडवून धरणे अथवा बाहेर काढणे, आणि गोठ्यातील व कोठारातील उंदीर मारणे, ही त्याची पिढ्यान्‌पिढ्यांची कामे होत. बिळाच्या अंधारात मालकाचा हुकूम ऐकू येत नाही. तेथे कुत्र्याने स्वतःच निर्णय घ्यावा लागतो, आणि समोरचे जनावर उलटून चावले तरी मागे हटून चालत नाही. म्हणून हट्टी, निर्भय, आवाजी आणि स्वतंत्र बुद्धीचे कुत्रे निवडून त्यांचीच पैदास करण्यात आली. टेरियरचे गुण आणि मालकांना वाटणारे त्याचे दोष ही दोन्ही याच निवडीची फळे आहेत.

या गटात जाती पुष्कळ आहेत. डेव्हन परगण्यातील जॉन रसेल नावाच्या पाद्र्याने १८१९ साली ऑक्सफर्ड येथे विद्यार्थी असताना एका गवळ्याकडून 'ट्रंप' नावाची पांढरी कुत्री विकत घेतली. तिच्यापासून वाढविलेल्या वंशास पुढे जॅक रसेल टेरियर हे नाव मिळाले. इंग्लंड व स्कॉटलंड यांच्या सीमेवरील डोंगराळ भागात बॉर्डर टेरियर, स्कॉटलंडच्या दगडगोट्यांच्या मुलखात केर्न टेरियर, तर यॉर्कशायरच्या कापड गिरण्यांच्या गावांतून कामगारांचा उंदीरमार कुत्रा म्हणून यॉर्कशायर टेरियर तयार झाला. आज शहरांत रेशमी केसांना फीत बांधून मांडीवर बसविला जातो तो हाच. त्याचे पूर्वज गिरणीतील उंदीर मारीत होते, हे त्याच्या मालकांपैकी थोड्यांनाच ठाऊक असते. बुलडॉग व टेरियर यांच्या संकरातून निघालेल्या स्टॅफर्डशायर बुल टेरियर वगैरे जातींचा इतिहास निराळा आहे. बैलावर कुत्रे सोडण्याच्या व कुत्र्यांच्या झुंजींच्या क्रूर खेळांसाठी त्यांचे पूर्वज पैदा करण्यात आले. ब्रिटनमध्ये १८३५ च्या कायद्याने असे खेळ बंद झाले. कुत्रे मात्र राहिले.

टेरियर उंदीर मारण्यात किती तरबेज असतो, याची कल्पना लंडनमधील १८२३ च्या एका पैजेवरून येते. 'बिली' नावाच्या अशाच संकरित कुत्र्याने बंदिस्त जागेत १०० उंदीर साडेपाच मिनिटांत मारल्याची नोंद आहे. खेळ म्हणून तो प्रकार निंद्यच होता. तरी टेरियर उंदरास मानेजवळ धरून एका हिसड्यासरशी कसा मारतो व लगेच दुसऱ्याकडे कसा वळतो, हे त्यावरून ध्यानात येईल. तो मारलेले जनावर खातोच असे नाही. मारणे हेच त्याचे काम असते.

आपल्याकडील शेतकऱ्यास ही गोष्ट समजण्यास कठीण नाही. दख्खनच्या माळरानावरील कारवानी कुत्रा ससा दिसताच धावतो. त्यास दोरीने बांधून घराची राखण करावयास लावले, तर दोष कुत्र्याचा नसून ती योजना करणाराचा असतो. धनगराचा कुत्रा मेंढरांजवळून हलत नाही, कारण त्याची निवडच त्या गुणासाठी झालेली असते. टेरियरबाबत हाच न्याय लावावयास हवा.

टेरियर निराधार का होतो?

मालकाचा मृत्यू, आजारपण, घर बदलणे, नव्या घरमालकाने कुत्रा ठेवण्यास मनाई करणे, ही कारणे सर्वच कुत्र्यांच्या बाबतीत आढळतात. त्यांखेरीज टेरियरची म्हणून काही खास कारणे आहेत. तो आकाराने लहान असल्यामुळे लहान घरात सहज राहील, अशी समजूत करून घेऊन लोक त्यास आणतात. जॅक रसेल जातीच्या कुत्र्याचे वजन बहुधा पाच-सहा किलोग्रॅमच्या आसपास असते. परंतु त्यास हवा असणारा व्यायाम त्याच्या दुप्पट-तिप्पट वजनाच्या कुत्र्यास पुरेल इतका असतो. दिवसभर एकटा कोंडलेला टेरियर गाद्या उकरतो, दार कुरतडतो, जिन्यावर पाऊल वाजले की भुंकतो. बागेतील वाफे खणतो. शेजाऱ्याचे मांजर दिसले की कुंपणाखालून वाट काढून त्याच्या मागे लागतो. मुलाने तोंडातील वस्तू ओढली तर काही टेरियर ती सोडीत नाहीत व गुरगुरतात. मालक याला वाईट सवय म्हणतो. वस्तुतः ज्या गुणांसाठी त्याची पैदास झाली तेच गुण तो चुकीच्या जागी दाखवीत असतो.

सणावाराच्या भेटी हेही एक कारण आहे. नाताळात मुलांना पिल्लू भेट द्यावयाचे व त्याचा कंटाळा आला की सोडून द्यावयाचे, ही रीत ब्रिटनमध्ये इतकी बोकाळली होती, की कुत्रा केवळ नाताळापुरता नसून जन्मभरासाठी असतो, अशा आशयाची घोषणा १९७८ मध्ये तेथील एका मोठ्या श्वानसंस्थेस करावी लागली. पुढे २०२० व २०२१ या करोना साथीच्या वर्षांत घरी बसलेल्या लोकांकडून कुत्र्यांना मोठी मागणी आली. कामावर परत जाण्याची वेळ आली तेव्हा त्यांपैकी अनेक कुटुंबांस आपला कुत्रा सांभाळणे अवघड वाटू लागले. आपल्या शहरांतही हा प्रकार घडला.

ब्रिटनमधील व्यवस्था

लंडनमध्ये मेरी टील्बी या बाईने १८६० साली हरवलेल्या व उपाशी कुत्र्यांसाठी एक तात्पुरते घर सुरू केले. माणसांची उपासमार होत असताना कुत्र्यांची चिंता कशास, अशी टीका त्या वेळी तिच्यावर झाली. ती संस्था १८७१ मध्ये बॅटरसी भागात गेली व त्याच नावाने आजही कार्य करीत आहे. तेथील इतर मोठ्या संस्थांखेरीज एकेका जातीपुरते काम करणारी लहान मंडळेही आहेत. टेरियर जातींसाठीही अशी मंडळे असून, त्यांचे काम बहुतांशी स्वयंसेवकांच्या घरांतूनच चालते.

तेथे रस्त्यावर सापडलेला कुत्रा प्रथम स्थानिक स्वराज्य संस्थेच्या ताब्यात जातो. मूळ मालकास शोध घेता यावा म्हणून त्यास सात दिवस ठेवावे लागते. त्यानंतर तो संस्थेस किंवा नव्या मालकास देता येतो. इंग्लंडमध्ये ६ एप्रिल २०१६ पासून प्रत्येक कुत्र्याच्या कातडीखाली मायक्रोचिप बसविणे सक्तीचे झाले. तांदळाच्या दाण्याएवढ्या या काचेच्या नळीत एक क्रमांक असतो. यंत्र फिरविताच तो दिसतो व त्यावरून मालकाची नोंद सापडते. मात्र मालकाने आपला पत्ता बदलल्यावर नोंद दुरुस्त केली नसेल तर चिप असून नसल्यासारखीच.

एक कठीण बाबही येथे सांगितली पाहिजे. ब्रिटनमध्ये १९९१ च्या कायद्याने पिट बुल टेरियर या प्रकारच्या कुत्र्यांवर बंदी आहे, व २०२३ च्या अखेरीस इंग्लंड व वेल्समध्ये एक्सएल बुली हा प्रकारही तीत समाविष्ट करण्यात आला. हा निर्णय कुत्र्याच्या बाह्य मापांवरून होतो. त्यामुळे स्वभावाने शांत असलेला कुत्राही त्या मापांत बसला, तर संस्थेस तो नव्या घरी देता येत नाही. अशा कुत्र्यांचा शेवट काय होतो, हे सांगावयास नको. श्वानसंस्थांचा या कायद्यास जो विरोध आहे, तो याचकरिता.

कुत्र्याची पारख

नवे घर शोधण्यापूर्वी कुत्रा नीट ओळखून घ्यावा लागतो. कामाचा खरा भाग हाच होय, आणि घाई होते तीही नेमकी येथेच. प्रथम पशुवैद्य त्याची तपासणी करतो. दात, कान, कातडी, गुडघ्याची वाटी व डोळे यांकडे विशेष लक्ष दिले जाते, कारण लहान टेरियर जातींत गुडघ्याची वाटी सरकणे, तर काही टेरियर जातींत डोळ्यातील भिंग जागेवरून निसटणे, हे विकार आनुवंशिक आहेत. भिंग निसटल्यास डोळा लाल व दुखरा होतो. वेळीच उपचार न झाल्यास दृष्टी जाते. निर्बीजीकरण झालेले नसेल तर ते करून घेण्यात येते. यावर संस्था सहसा तडजोड करीत नाहीत. नव्या घरी गेलेल्या कुत्रीस वर्षभरात पिल्ले झाली, तर एका कुत्रीचा प्रश्न सोडविताना पाच नवे निर्माण होतात.

त्यानंतर स्वभावाची पाहणी. अनोळखी माणूस जवळ आला असता कुत्रा काय करतो? खाण्याच्या भांड्याजवळ कोणी गेले तर ताठरतो काय? दुसरा कुत्रा दुरून दिसला असता कसा वागतो, व तो त्याच्याच लिंगाचा असल्यास काही फरक पडतो काय? खोलीत एकटा ठेवल्यास किती वेळ शांत राहतो? अंगास, विशेषतः पायांस व कानांस हात लावू देतो काय? अशा प्रश्नांची उत्तरे एका दिवसात मिळत नाहीत. श्वानगृहातील गोंगाटात घाबरलेला टेरियर दिवसभर भुंकतो किंवा कोपऱ्यात बसून राहतो. घरात आणल्यावर तोच पूर्णपणे निराळा वागतो. उलट श्वानगृहात गरीब वाटणारा कुत्रा घरात स्थिरावल्यावर सोफ्यावर कोणास बसू देत नाही. म्हणून अनेक संस्था कुत्रा काही आठवडे तात्पुरत्या पालकाच्या घरी ठेवतात. हा पालक रोज नोंद करतो, व त्या नोंदींवरून कुत्र्याचे खरे वर्णन तयार होते.

वर्णन खरे असावे, यास फार महत्त्व आहे. "मांजरांचा पाठलाग करतो", "लहान मुलांत राहिलेला नाही", "एकटा राहिल्यास तासाभराने भुंकतो" असे स्पष्ट लिहिल्यामुळे विचारणा कमी येतात, हे खरे. परंतु जे घर मिळते ते टिकते. दोष झाकून दिलेला कुत्रा पंधरा दिवसांत परत येतो आणि प्रत्येक वेळी परत आल्याने त्याचा माणसावरील विश्वास कमी होऊन त्यास पुढचे घर मिळणे अधिक दुर्घट होते. दोन-तीन घरे बदललेल्या टेरियरला चौथे घर मिळवून देणे हे या क्षेत्रातील सर्वांत कष्टाचे काम समजले जाते.

घराची पारख

इच्छुकाने प्रथम अर्ज भरावयाचा असतो. घर स्वतःचे की भाड्याचे, भाड्याचे असल्यास घरमालकाची परवानगी आहे काय, घरात मुले किती व कोणत्या वयाची, दिवसा कोण घरी असते, पूर्वी कोणता कुत्रा पाळला होता व त्याचे पुढे काय झाले, अशी माहिती त्यात विचारतात. शेवटचा प्रश्न वरकरणी साधा असला तरी त्याच्या उत्तरावरून पुष्कळ काही कळते.

नंतर स्वयंसेवक घर पाहावयास जातो. टेरियरसाठी घर पाहताना त्याची नजर प्रथम कुंपणाच्या तळाकडे जाते. उंची तर पाहावीच. परंतु टेरियर वरून जितका जातो त्याहून अधिक खालून जातो. कुंपणाच्या पायथ्याशी जाळी जमिनीत पुरलेली आहे काय, फाटकाखाली फट किती आहे, ससे, कोंबड्या, पिंजऱ्यातील पक्षी घरात आहेत काय, हे तो पाहतो. घरात आधीचा कुत्रा असल्यास दोघांची भेट घराबाहेर, मोकळ्या जागी, दोघांनाही पट्ट्याने धरून घडविली जाते. कुटुंबातील सर्व माणसांनी येऊन कुत्र्यास भेटावे, अशी अपेक्षा असते. एकाची हौस व बाकीच्यांची नाराजी असलेल्या घरात कुत्रा फार दिवस राहत नाही.

सर्व ठीक जमल्यावर काही रक्कम देणगी म्हणून घेतात व करारपत्र करतात. या करारातील एक कलम मुद्दाम ध्यानात ठेवण्यासारखे आहे. कोणत्याही कारणाने कुत्रा सांभाळणे अशक्य झाल्यास, मग ते आठ दिवसांनी असो वा आठ वर्षांनी, तो परस्पर कोणास न देता संस्थेकडेच परत करावयाचा, असे त्यात लिहिलेले असते. परतीचा मार्ग असा उघडा असल्यामुळे कुत्रा रस्त्यावर येत नाही. आपल्याकडे कुत्रा देताना ही एक गोष्ट बहुधा राहून जाते. "तुम्हांस नको असेल तर कोणास तरी द्या," एवढ्यावर व्यवहार संपतो.

पहिले तीन महिने

नव्या घरातील कुत्र्याविषयी एक ढोबळ हिशेब सांगितला जातो, तो असा : पहिले तीन दिवस बावरलेपणाचे, पुढचे तीन आठवडे घरातील रीत समजण्याचे, आणि घर आपलेसे होण्यास तीन महिने. हा काही शास्त्राचा नियम नव्हे. पण तिसऱ्या दिवशीच निराश होणाऱ्यास तो उपयोगी पडतो. पहिले काही दिवस पाहुण्यांस बोलावू नये. जेवण, फिरणे व झोप यांच्या वेळा ठरवाव्या. निजण्याची जागा कोपऱ्यात, येण्याजाण्याच्या वाटेपासून दूर असावी, व तेथे असताना मुलांनी त्यास हात लावू नये. बोलावल्यावर निश्चितपणे परत येतो अशी खात्री पटेपर्यंत त्यास मोकळा सोडू नये. लांब दोर बांधूनच फिरवावे. पळून गेलेले कुत्रे बहुतेक या पहिल्या दिवसांतच जातात.

टेरियरला मारून शिकविता येत नाही. मार बसला असता तो दबण्याऐवजी प्रतिकार करण्याचा संभव अधिक. तोंडातील वस्तू ओढून न घेता तिच्या बदल्यात खाण्याचा तुकडा दाखवावा. खणण्याची हौस मोडण्यापेक्षा तिला जागा नेमून द्यावी. परसात हात-दोन हात जागा वाळूने भरून तीत वस्तू पुरून ठेवल्या, तर बाकीचे वाफे पुष्कळ अंशी वाचतात. ब्रिटनच्या २००६ च्या प्राणिकल्याण कायद्यात मालकाने जनावराच्या ज्या पाच गरजा भागवावयाच्या आहेत, त्यांत त्यास स्वाभाविक वर्तन करता येणे ही एक आहे. टेरियरच्या बाबतीत स्वाभाविक वर्तन म्हणजे हुंगणे, शोधणे आणि खणणे.

आपल्या शेतावर टेरियर

शेतावर मोकळी जागा असते, हे खरे. परंतु तेवढ्याने शेत हे टेरियरचे चांगले घर ठरत नाही. ग्रामसेवकाने सल्ला देताना पुढील बाबी शेतकऱ्यासमोर स्पष्टपणे मांडाव्या.

सर्वांत पहिली बाब कोंबड्यांची. धावत्या, फडफडणाऱ्या कोंबड्या पाहून टेरियर स्वतःस आवरू शकेल, असे गृहीत धरू नये. एकदा खुराड्यात शिरला तर तो एक कोंबडी मारून थांबत नाही. ज्या घराचा मीठमिरचीचा खर्च परसातील कोंबड्यांवर चालतो, त्या घराने हा कुत्रा न घेणेच बरे. किंवा कोंबड्यांसाठी खालून जाळी पुरलेले बंदिस्त खुराडे आधी तयार करावे.

दुसरी बाब विषाची. शेतात उंदरांसाठी झिंक फॉस्फाईडचे अथवा ब्रोमॅडिओलोनचे आमिष ठेवण्याची पद्धत आहे. टेरियर नेमका त्याच बिळांपाशी जातो. झिंक फॉस्फाईडवर उतारा नाही. आमिष खाल्लेला कुत्रा काही तासांतच दगावू शकतो. ब्रोमॅडिओलोनमुळे रक्त गोठणे बंद होते, व विष खाल्लेला उंदीर खाण्यात आल्यानेही कुत्र्यास बाधा होऊ शकते. लक्षणे काही दिवसांनी दिसतात : हिरड्या पांढऱ्या पडतात, नाकातून वा शेणातून रक्त जाते, कुत्रा निपचित पडतो. यावर क जीवनसत्त्व नव्हे, तर के-१ हे जीवनसत्त्व हा उतारा आहे, व तो पशुवैद्याच्या हातूनच द्यावा लागतो. आमिषाचे वेष्टन सोबत नेल्यास उपचारास वेळ लागत नाही. तात्पर्य, बांधावर विष आणि दारात टेरियर ही दोन्ही एकाच वेळी ठेवता येत नाहीत.

द्राक्ष व बेदाणा उत्पादक भागांसाठी एक विशेष सूचना आहे. द्राक्षे आणि बेदाणे कुत्र्याच्या मूत्रपिंडास घातक ठरू शकतात. सर्वच कुत्र्यांस सारखी बाधा होत नसली, तरी कोणास होईल हे आधी कळत नाही. बेदाण्याच्या शेडवर कुत्र्यास मोकळा सोडू नये. कांद्यामुळे कुत्र्याच्या रक्तातील तांबड्या पेशी नष्ट होतात. त्यामुळे आमटी-भाजी कालवून उरलेली भाकरी घालण्याची आपली नित्याची पद्धत या ठिकाणी बदलावी लागेल.

बिळात तोंड घालण्याच्या सवयीमुळे नाग व घोणस यांच्या दंशाचा धोका या कुत्र्यास गावठी कुत्र्यापेक्षा अधिक असतो. कठडा नसलेली विहीर हा दुसरा धोका. जुन्नर, आंबेगाव, शिरूर, संगमनेर, अकोले या उसाच्या पट्ट्यात बिबट्याचा वावर आहे. अकोले भागातील बिबट्यांच्या विष्ठेच्या अभ्यासात पाळीव कुत्रा हे त्यांचे प्रमुख भक्ष्य असल्याचे आढळून आले आहे. तेथे रात्री अंगणात साखळीस बांधलेला लहान कुत्रा म्हणजे बिबट्यास आमंत्रणच. त्यास रात्री घरात किंवा मजबूत दाराच्या खोलीत ठेवावे. गावातील कुत्र्यांच्या टोळीपुढे टेरियर माघार घेत नाही. त्याचे वजन पाहता ते शहाणपणाचे नसते. परंतु त्याला ते समजत नाही.

उन्हाळ्यात सकाळी लवकर व सायंकाळी फिरवावे, दुपारी सावली व पाणी असावे. गोचिडांमुळे होणारा ताप परकीय जातींस लवकर बाधतो, तेव्हा दर आठवड्यास कान, बोटांच्या बेचक्या व शेपटीचे मूळ तपासावे. कोकणात व भातशेतीच्या भागात उंदरांच्या मूत्रातून पसरणाऱ्या लेप्टोस्पायरोसिसची लस पशुवैद्यास विचारून द्यावी.

एवढे सांगितल्यावर, टेरियर कोणाकडे शोभतो, हेही सांगणे न्याय्य होईल. धान्याची कोठी, पशुखाद्याचे गोदाम, गुळाचे गुऱ्हाळ, बंदिस्त गोठा, अशा ठिकाणी जेथे उंदीर व घुशींचा उपद्रव आहे, विष ठेवलेले नाही, दिवसभर घरचे माणूस वावरते, आणि कोंबड्या नाहीत किंवा बंदिस्त आहेत, तेथे हा कुत्रा आनंदाने राहतो. गोदामातील पोती हलविताना टेरियर जवळ असला, तर त्याची करामत पाहावयास मिळते. मात्र एकट्या कुत्र्याच्या बळावर शेतातील उंदरांचे नियंत्रण होईल अशी अपेक्षा करू नये. कोठीची भोके बुजविणे, धान्य जमिनीपासून उंचावर ठेवणे व बांध स्वच्छ राखणे ही कामे करावीच लागतात. घूस मोठी असून जोराने चावते, म्हणून म्हाताऱ्या किंवा दात पडलेल्या कुत्र्यास तिच्या मागे घालू नये. घराची राखण करणारा धिप्पाड कुत्रा हवा असेल तर टेरियर घेऊ नये. तो चोराची सूचना देईल. चोरास अडविणे त्याच्या आवाक्याबाहेरचे आहे.

देणे-घेणे करताना

पाळलेला कुत्रा उपाशी-तहानलेला मरेल अशा स्थितीत वाऱ्यावर सोडणे हा १९६० च्या प्राणिक्लेश प्रतिबंधक कायद्याच्या अकराव्या कलमाखाली गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्यास त्या कायद्यात दहा ते पन्नास रुपये दंड सांगितला आहे. १९६० साली त्या रकमेचा जो धाक असेल तो आज उरलेला नाही, तरी कृत्य गुन्हाच आहे. शहरातून आलेल्या गाडीने गावाच्या शिवेवर कुत्रा सोडल्याचे दिसल्यास गाडीचा क्रमांक टिपून पोलीस ठाण्यास कळवावे. रस्त्यावरील मोकाट कुत्र्यांची व्यवस्था २०२३ च्या प्राणी जन्मनियंत्रण नियमांनुसार व न्यायालयांच्या आदेशांनुसार होत असते. तो विषय स्वतंत्र आहे.

इतिहास ठाऊक नसलेला कुत्रा गावात आढळल्यास त्यास एकदम हाताळू नये. वागणुकीत अकस्मात बदल, लाळ गळणे, गिळता न येणे, आवाज बदलणे ही पिसाळण्याची लक्षणे असू शकतात. चावा अथवा ओरखडा लागल्यास जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी व त्याच दिवशी आरोग्य केंद्रात जाऊन लस घ्यावी. जखमेस हळद, चुना, मिरची लावण्यात वेळ घालवू नये. एकदा रोगाची लक्षणे दिसू लागल्यावर रोगी वाचत नाही.

कुत्रा निरोगी असल्याची खात्री झाल्यावर पशुवैद्यकीय दवाखान्यात त्यास रेबीजची लस द्यावी. पूर्वीच्या लसीकरणाचा दाखला नसेल तर लस दिलेली नाही असेच समजावे. पुढे दरवर्षी ती पुन्हा द्यावी. जंतांचे औषध, तसेच डिस्टेंपर व पार्व्हो या रोगांवरील लसी यांविषयी त्याच वेळी विचारून घ्यावे. मोठ्या शहरांतील काही दवाखान्यांत मायक्रोचिप वाचण्याचे यंत्र असते. चिप असल्यास कुत्र्याचा मूळ मालक कळण्याचा संभव असतो, व कुत्रा हरवलेला असेल तर तो त्याच्या घरी परत जाऊ शकतो.

मालक स्वतः कुत्रा देण्यास आला असेल तर शेतकऱ्याने संकोच न करता विचारावे : का देता? कोणास चावला आहे काय? कोंबड्या, मांजरे, लहान मुले यांच्याजवळ कधी ठेवला होता काय? एकटा राहतो काय? निर्बीजीकरण झाले आहे काय? उत्तरे देण्यास मालक टाळाटाळ करू लागला, तर तेच उत्तर समजावे. शक्य असल्यास प्रथम पंधरा दिवस कुत्रा अजमावण्यासाठी ठेवावा, आणि न जमल्यास मालकाने किंवा संस्थेने तो परत न्यावा, असे एका कागदावर लिहून दोघांच्या सह्या घ्याव्या. त्या कागदासोबत लसीकरणाचा दाखला, निर्बीजीकरणाची नोंद, चिपचा क्रमांक असल्यास तो, नेहमीच्या खाण्याचा प्रकार व वेळा, कुत्र्यास समजणारे शब्द, आणि तो ज्या अंथरुणावर निजतो ते अंथरूण, न धुता, मागून घ्यावे. ओळखीच्या वासामुळे पहिली रात्र त्यास पुष्कळच सुसह्य होते.